टरबुजाच्या बिया, सेलूचा घाणा आणि पान एकसष्टची तळटीप

नाही, आधी मला वेळ सांगू द्या, कारण या सगळ्या प्रकरणात अचूक म्हणावं असं तेवढंच शिल्लक राहिलंय. गुरुवार, बारा जून, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं, परभणीतलं वसमत रोडवरचं एक झेरॉक्सचं दुकान. माझ्या हातांवर माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाच्या पाच प्रती, काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, डिंक अजून ओला... आणि शेजारी परमेश्वर. परमेश्वर म्हणजे माझा रूममेट, गाव सेलू, दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच बादलीनं अंघोळ केली. हा परमेश्वर वरची प्रत उचलतो, पहिलं पान उघडतो, आणि बिस्किट खातखात म्हणतो,

"चला सिद्धोधन, सुटलास बाबा. आन मामाबी सुटले. तीनदा बाटली भरून द्यायची म्हंजे त्यांलाबी करडी लागायलीच की."

मी म्हणालो, "करडी?"

तो म्हणाला, "मंग? टरबुजाचं कुठं एवढं तेल निघतंय?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी पाचही प्रती अत्यंत सावकाश काउंटरवर ठेवल्या. फेकल्या नाहीत. मी आरोप करत नाही, मी फक्त नोंद करतोय.

आता ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी. माझ्या प्रबंधाचा विषय होता: टरबुजाच्या बियांपासून तेल काढण्याच्या तीन पद्धतींची तुलना. टरबूज आपण खातो, बी थुंकतो. त्या बीमध्ये उत्तम तेल असतं, आणि ते कोणत्या पद्धतीनं जास्तीत जास्त निघतं, हा माझा प्रश्न. बिया मी स्टेशन रोडवर ज्यूसचा गाडा लावणाऱ्या गीताबाईंकडून जमवल्या. पहिल्या दिवशी बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "ज्यूस न्हाई पाहिजे? निस्त्या बिया? बरं हाय ना घरी समदं?" मी त्यांना विषय समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकून शेजारच्या गाडेवाल्याला म्हणाल्या, "लेकरू हुशार हाय, पण कुनीतरी बघायला पाहिजे त्याच्याकडं." अडीच महिने त्यांनी मला बिया गाळून, धुऊन, वाळवून दिल्या. वीस किलो. एक दाणाही खडा नव्हता. त्या बाईंविषयी माझी काहीही तक्रार नाही, आणि या हकिकतीत असं म्हणता येईल अशी ती एकमेव व्यक्ती आहे.

तर तीन पद्धती. एक, प्रयोगशाळेतलं सॉक्सलेट, म्हणजे एक काचेचं उपकरण. त्यात द्रावक तापून वर जातं, थंड होऊन बीच्या भुकटीवर ठिबकतं, पुन्हा खाली येतं, असं आठ तास. म्हणजे बीमध्ये असेल नसेल तेवढं सगळं तेल धुऊन निघतं, मागे काही राहतच नाही. दोन, बी कुटून पाण्यात उकळायची आणि वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. हे मी हॉस्टेलच्या मेसमध्ये केलं, आणि त्या दिवशीच्या वरणाला आलेल्या वासाबद्दल मी लेखी दिलगिरी व्यक्त केलेली आहे. आणि तीन, लाकडी घाणा.

घाण्यासाठी परमेश्वर म्हणाला, "माझ्या मामाचा हाय की सेलूला. मारुद्र मामा. त्यांच्यासारखा घाणा न्हाई अख्ख्या तालुक्यात." मारुद्र म्हणजे महारुद्र. वय साठच्या पुढं, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं कमी. मार्चमध्ये मी तिथे तीनदा गेलो. दर वेळी तीन किलो बी, मोजून, आणि सोबत माझी एक लिटरची काचेची बाटली. मामा बी घाण्यात घालायचे, मोटार लावायचे, आणि म्हणायचे, "तेल निवळायला येक दिवस लागतंय. गाळ बसू दे. उद्या ये." मी उद्या जायचो. बाटली तयार. पेंड ते मजुरीत ठेवून घ्यायचे. तशी पद्धतच आहे, पेंड घाणेवाल्याची. ती पेंड मी कधी तोलली नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, मी गेले काही आठवडे ध्यानात ठेवलंय.

आता आकडे. उकळण्याची पद्धत: नऊ पूर्णांक आठ टक्के. सॉक्सलेट: सव्वीस पूर्णांक चार. आणि घाणा... तीस पूर्णांक सात.

तुमच्यापैकी जे शास्त्राचे आहेत ते आता हसले. जे नाहीत त्यांना सांगतो. सॉक्सलेट बीतलं सगळं तेल काढतं. सगळं म्हणजे सगळं. म्हणजे घाण्यानं बीमध्ये नसलेलं तेल काढलं होतं.

आणि मी काय केलं? मी शंका घेतली? घेतली, मी सावध माणूस आहे, मी सॉक्सलेट पाच वेळा पुन्हा चालवलं. मी माझ्या तराजूवर शंका घेतली, द्रावकावर घेतली, लाइटच्या कमीजास्त दाबावर घेतली, स्वतःवर घेतली. मामांवर घेतली नाही. का? कारण तिन्ही वेळचे आकडे बघा: तीस पूर्णांक सहा, तीस पूर्णांक सात, तीस पूर्णांक सात. एवढी पुनरावृत्ती प्रयोगशाळेत मिळत नाही हो. मी रात्र रात्र त्या आकड्यांकडे बघायचो. मला वाटायचं, ही शिस्त आहे. ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. ती शिस्तच होती. फक्त ती घाण्याची नव्हती, ती माझ्या बाटलीच्या गळ्याची होती. एक लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली की तेल नऊशे वीस ग्रॅम भरतं. तीन किलोला नऊशे वीस. काढा टक्के.

मी अकरा पानांचा सिद्धांत लिहिला. अकरा. की लाकडाच्या मंद घर्षणामुळे बीच्या पेशींच्या भिंती अशा काही फुटतात की बांधलेलं तेलही मोकळं होतं. आकृती काढली. त्यात बाण होते. मग मी तेलाचं पृथक्करण करून आणलं, तर घाण्याच्या तेलात लिनोलिक आम्ल सॉक्सलेटच्या तेलापेक्षा जास्त. लिनोलिक म्हणजे आरोग्याला चांगलं. मी लिहिलं: घाण्यामुळे तेलाची प्रतही सुधारते. अहो, लिनोलिक आम्ल कशात भरपूर असतं? करडीत. पुढे चवीची चाचणी घेतली, विभागातले दहा परीक्षक, डोळे मिटून. दहापैकी नऊ जणांनी तिन्ही नमुन्यांत घाण्याचं तेल पहिलं आणलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "ओळखीची चव." येणारच ना ओळखीची. परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला करडी ओळखीची वाटणार नाही तर काय वाटणार? नऊ जणांच्या जिभांनी मला लेखी कळवलं होतं, आणि मी त्याचा आलेख काढला. मी आरोप करत नाही, नोंद करतोय. हा शेवटचा भाग माझ्याच विरुद्धची नोंद आहे.

तर बारा जून. प्रबंध जमा करायची शेवटची तारीख वीस. मौखिक परीक्षा सव्वीसला. हातात आठ दिवस, आणि पाच काळ्या प्रती, ज्यांच्या निष्कर्षात लिहिलंय की घाणा जिंकला. मी परमेश्वरला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"मार्चपासनं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला ठाव हाय. सगळ्या सेलूला ठाव हाय."

या माणसासमोर मी त्या अकरा पानांचं मोठ्यानं वाचन केलं होतं. त्यानं ऐकलं होतं. त्यानं एका ठिकाणी "वा" सुद्धा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सेलू. डब्यात मी वाक्यं तयार करत होतो. "मामा, आपण माझ्या नमुन्यात भेसळ केलीत." नको, भेसळ फार कडक होतंय. "मामा, आपल्याकडून अनवधानानं..." अनवधान तीन वेळा होत नाही. मानवत रोड येईपर्यंत माझं वाक्य एवढं सौम्य झालं होतं की त्यात क्रियापदच उरलं नव्हतं.

मामा घाण्यापाशी बसलेले. मी विचारलं. तुम्हाला वाटेल ते चपापले, खाली बघायला लागले. छे. त्यांचा चेहरा उजळला.

"हां, भरली ना. मीच भरली. आमच्या घाण्यावरनं नव्या गिऱ्हाइकाची बाटली अर्धी जात न्हाई. माझ्या बापाच्या टायमापासनं दस्तूर हाय. करडीचं चोख तेल घातलंय, सोयाबीन न्हाई घातलं."

"पण का, मामा?"

"का म्हंजे? तू बाटली आनली लिटरची. तेल निघालं आर्धं. तू ती आर्धी बाटली हातात धरून भर बाजारातनं स्टेशनाला जानार. लोक काय म्हनतील? मारुद्रचा घाणा तेल प्यायलाय. माझं नाव जातंय की."

"बरं, पहिल्यांदा ठीक आहे. दुसऱ्यांदा का?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की हा मुलगा खरंच शिकतोय की नुसता राहतोय. "पहिल्यांदा पुरी दिली आन दुसऱ्यांदा आर्धी दिली, तर तू काय समजशील? मामानं या बारीला तेल मारलं. मंग तिसऱ्यांदाबी द्यावंच लागतंय."

तुम्हाला सांगतो, यात तर्काची चूक मला आजपर्यंत सापडलेली नाही.

मी वही काढली. "मामा, प्रत्येक वेळी नक्की किती घातलंत?" कारण मला वाटलं, तो आकडा मिळाला तर वजाबाकी करून प्रबंध वाचवता येईल. मामा म्हणाले, "भरेस्तोवर." "म्हणजे किती ग्रॅम?" "ग्रॅम?" ते आत वळले. "अगं ऐकलंस का, हे लेकरू आपलंच दिलेलं परत तोलायला आलंय."

आतून बायनाबाई मामी आल्या, हाताला पीठ. "कोन, परमेश्वरचा दोस्त? अन्‌ पास झाला का रं बाबा तू?"

मी म्हणालो, "अजून नाही, मामी."

"कसा हुशील? आमी तर पुरं भरून दिलं हुतं."

संध्याकाळी परभणीत परत येऊन मी आमचे मार्गदर्शक दिनकरराव सर यांना सगळं सांगितलं. सर चांगले आहेत, प्रामाणिक आहेत, आणि घाणा जिंकल्याचा आनंद त्यांना माझ्यापेक्षा जास्त झाला होता, कारण त्यांच्या लहानपणी घरी घाण्याचंच तेल यायचं. सर पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सिद्धोधन, हे तू मला बांधणीच्या आधी नाही सांगितलंस."

"मला कालच कळलं, सर."

"मग उद्या का नाही कळलं... म्हणजे, एकविसाला?"

सर पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. आता इथे एक गोष्ट मी मान्य करतो. कुणालाच कळलं नसतं. प्रबंध कपाटात जातात. परीक्षक निष्कर्ष वाचतात आणि संदर्भसूचीत आपलं नाव शोधतात. त्या एका मिनिटात मी मनातल्या मनात पास झालो होतो. पण मग मला कुणीतरी दिसला, माझ्यासारखाच एखादा, पाच वर्षांनी, माझा प्रबंध वाचून टरबुजाच्या बिया जमवतोय, गीताबाईंसारख्या कुणाकडून, आणि घाण्यातून निघतंय निम्मंच, आणि तो रात्र रात्र स्वतःच्या तराजूवर शंका घेतोय...

सर म्हणाले, "शिल्लक बी आहे?"

"नऊ किलो. राखीव नमुना ठेवला होता, सर."

"जा मग. समोर बस. तेल निवळायला त्यांच्याकडं ठेवायचं नाही, घाण्यातून निघालं की तोल, इथं आणून गाळ. आणि नजर हटवायची नाही. निमंत्रण आलं तरी नाही."

सरांना माणसं माझ्यापेक्षा जास्त कळतात, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

सोमवार, सोळा जून. तीन खेपा एकाच दिवशी. मी माझा तराजू नेला, घाण्याचं तेल पडतं त्या पिंपाखाली ठेवला, स्टुलावर बसलो. मामांनी बघितलं आणि स्टूल पुसायचं फडकं त्यांनी माझ्याकडे फेकलं. पहिली खेप: सतरा पूर्णांक एक. दुसरी: सतरा पूर्णांक तीन. पेंडही तोलली, हिशेब जुळला. मला सांगता येणार नाही किती बरं वाटलं. एवढा कमी आकडा बघून एवढा आनंद झालेला मी पहिलाच असेन.

तिसरी खेप घाण्यात पडली आणि मामी दारात आल्या. "चल, जेवायला."

मी म्हणालो, "मामी, मला इथून उठता येत नाही."

"का, पाय दुखायलेत?"

"नाही, निरीक्षण चालू आहे."

"कशाचं?"

आता तुम्हीच सांगा, या प्रश्नाचं खरं उत्तर काय होतं? मी म्हणालो, "तेलाचं." मामी आत गेल्या. पुन्हा आल्या. "भाकर गार व्हायली." मी नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्या आल्या त्या उंबऱ्यावरच बसल्या, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आमच्यावर इस्वास न्हाई म्हन की सरळ. दुपारच्याला घरी आलेलं लेकरू उपाशी बसायलंय, ते बी आपल्यावर पहारा करीत. आम्ही काय चोर हावोत? आम्ही दिलंच हाय, घेतलं तर न्हाई."

मामा घाण्याकडे तोंड करून उभे. वळले नाहीत. त्यांच्या पाठीकडे बघून मला जे वाटलं ते कोणत्याही एककात मोजता येत नाही. फसवलं कुणी होतं? त्यांनी मला. आणि दगा दिल्यासारखं कुणाला वाटत होतं? त्यांनाच. हा काय न्याय आहे? मी आरोप... जाऊ द्या. मी उठलो.

आत गेलो तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं. बाहेर आलो तेव्हा एक तेहतीस. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मामींनी चटणीत बोटानं खळगा केला आणि मामांना हाक मारली, "तेल आना की जरा." मामा घाण्याकडून करडीचा डबा आणि पळी घेऊन आले, खळग्यात तेल ओतलं, डबा-पळी घेऊन घाण्यापाशी परत गेले. मी जेवत राहिलो.

तिसरी खेप: सतरा पूर्णांक नऊ.

सहा दशांश जास्त. तीन किलोला अठरा ग्रॅम. याची दोन स्पष्टीकरणं संभवतात. एक, तिसऱ्या खेपेपर्यंत घाणा तापलेला असतो, आणि तापलेला घाणा जरा जास्त तेल देतो. हे शास्त्रशुद्ध आहे, याला संदर्भ आहेत. दुसरं स्पष्टीकरण मी निघताना सहज करावं तसं तराजूवर ठेवलं. मामांची पळी. काठोकाठ भरून तेल एकोणीस ग्रॅम.

परभणीत येऊन मी लिनोलिक तपासून घेतलं. फरक यंत्राच्या त्रुटीच्या मर्यादेत. पेंड तोलली होती, पण आधीच्या दोन खेपांत तिच्यात इतका कमीजास्तपणा होता की अठरा ग्रॅम त्यात कुठेही लपू शकतात. मामांना फोन केला. मामा म्हणाले, "आता तर तूच समोर हुतास की."

निष्कर्ष बदलला: सॉक्सलेट पहिलं, घाणा दुसरा, उकळणं तिसरं. सगळ्या जगाला आधीच माहीत असलेली गोष्ट मी वीस किलो बिया घालून सिद्ध केली. अकरा पानं काढून टाकली. बाणांची आकृती काढून टाकली. पाच प्रती पुन्हा बांधल्या. आणि पान एकसष्टवर, तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात एक तळटीप दिली: "तिसऱ्या आवर्तनादरम्यान संशोधक अकरा मिनिटे जेवत होता." सर म्हणाले, "हे काढ." मी म्हणालो, "सर, ते खरं आहे." सर म्हणाले, "म्हणूनच काढ." पण सही केली.

सव्वीस जून, मौखिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक, गंभीर गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांनी सिद्धांत विचारला नाही, सांख्यिकी विचारली नाही. पान एकसष्ट उघडलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं, "जेवायला काय होतं?"

मी म्हणालो, "भाकरी, शेंगदाण्याची चटणी, त्यावर करडीचं तेल."

"तेल किती?"

"सर, ते वाढत होते. मोजता आलं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आमच्या घरीही कधी मोजता आलं नाही." आणि सही केली. मी पास आहे. सगळे म्हणतात, आता सोडून दे. सोडलंय. परमेश्वरशी मी बोलतोही, साधारण गरजेपुरतं. मामींनी निरोप पाठवलाय की पेढे घेऊन ये, जेवूनच जा.

नोंद फक्त एवढीच राहिली. एक वाजून बावीस ते एक वाजून तेहतीस या वेळेत, एकोणीस ग्रॅमची ती पळी डब्यातून माझ्यासमोर एकदा बाहेर आली, हे मी स्वतः पाहिलं. दाराआड गेल्यावर ती दुसऱ्यांदा बाहेर आली की नाही, याची खातरजमा मला करता आलेली नाही. पुढेही करता येईल असं वाटत नाही, कारण तिथे परत गेलो तर पुन्हा जेवायलाच बसवतील.